ट्यूबमागून ट्यूब सोडूनही दगडी हटत नाही? बुरशीचा संशय कधी घ्यायचा आणि पुढे काय करायचं

गाय विते आणि दहा-पंधरा दिवसांत एका सडाला दगडी, म्हणजे कासेचा दाह, होते. तीन दिवस सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली जाते, जोडीला इंजेक्शनं. गाठी कमी होतात, सूज उतरल्यासारखी वाटते. पाचव्या-सहाव्या दिवशी तोच सड पुन्हा तट्ट फुगतो, अंगात ताप येतो, धारेत पिवळट-पांढऱ्या गुठळ्या येतात. मग जास्त किमतीची ट्यूब आणली जाते. तिनंही भागलं नाही की तिसरी.

औषध लागू पडत नाही म्हटल्यावर ते बदलायचं, असा सगळ्यांचा पहिला विचार असतो. पण प्रत्येक नव्या औषधानंतर सड आधीपेक्षा बिघडत असेल, तर कासेत जिवाणू उरलेच नसतील आणि आता बुरशी वाढत असेल, ही शक्यता तपासायलाच हवी. अशा वेळी आणखी एक ट्यूब म्हणजे बुरशीला आणखी मोकळं रान.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. चिवट दगडी म्हणजे बुरशीच, असं अजिबात नाही. पुन्हापुन्हा उलटणाऱ्या दगडीमागे बुरशीपेक्षा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कितीतरी जास्त वेळा असतो. तो कासेच्या पेशीत आणि गाठीत दडून बसतो, ट्यूब चालू असताना गप्प राहतो आणि ती बंद झाली की डोकं वर काढतो. दोन्हींचा फरक शेवटी प्रयोगशाळेतच ठरतो. तरी गोठ्यात काही खुणा मिळतात, त्या पुढे येतीलच.

बुरशी कासेत शिरते कुठून

कासेत सापडणाऱ्या बुरशीत बहुतेक वेळा यीस्ट गटातली बुरशी असते, म्हणजे कँडिडा आणि तिची भावंडं. ही काही बाहेरून आलेली साथ नव्हे. ती गोठ्यातच असते: शेणात, ओल्या बसायच्या जागेत, कास पुसायच्या फडक्यात, धुण्याच्या बादलीत, सडाच्या कातडीवर. सडाचं छिद्र घट्ट मिटलेलं असेल तर ती बाहेरच राहते. आत जाते ती बहुधा आपल्याच हातून.

ट्यूब सोडतानाचे हात नीट पाहिले की कारण कळतं. सड पाण्यानं धुतला जातो, पण पुसला जात नाही, किंवा चारही सड एकाच फडक्यानं पुसले जातात. ट्यूबचं टोपण दातानं काढलं जातं. टोक अंगठ्याला लागतं, मग सडाच्या तोंडावरून दोनदा घसरतं आणि तिसऱ्यांदा मुळापर्यंत आत दाबलं जातं. सडाच्या तोंडाशी शेणकट पाण्याचा जो थेंब लोंबत असतो, तो औषधाच्या पुढे आत जातो. स्पिरिटची बाटली पिशवीतच राहते.

याहून वाईट म्हणजे घरगुती मिश्रण. इंजेक्शनची पावडर पाण्यात कालवून सिरिंजनं सडात सोडतात, उरलेलं खिडकीत ठेवतात आणि संध्याकाळी त्याच सिरिंजनं पुन्हा देतात. यीस्टचा मोठा उद्रेक होतो तो अशाच एका दूषित बाटलीतून किंवा सिरिंजमधून. एकाच गोठ्यात आठवड्याभरात तीन-चार जनावरांचे सड बिघडले आणि सगळ्यांना एकाच बाटलीतलं औषध गेलेलं असेल, तर आधी ती बाटली बाजूला काढून ठेवा. फेकू नका, तपासणीला लागेल.

दूध मोकळं व्हावं म्हणून सडात घालायची धातूची नळी, छिद्र उघडायला घातलेली झाडूची किंवा कडुलिंबाची काडी, धार काढताना बोटं दुधात बुडवायची सवय, अंगठा मुडपून ओढल्यामुळे सडाच्या टोकाला पडलेल्या चिरा, हे सगळे त्याच वाटेवरचे दरवाजे. यंत्रावर दूध काढत असाल तर जुने, भेगाळलेले लायनर (सडावर बसणाऱ्या रबरी नळ्या) त्यात धरा.

एकदा आत गेल्यावर ती का वाढते

पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातलं औषध जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही. बुरशीची भिंत वेगळ्याच द्रव्याची, कायटिन आणि ग्लुकनची, त्यामुळे तिला या औषधानं ओरखडाही येत नाही. उलट जागा आणि साखर यांसाठी भांडणारे जिवाणू मेले की दुधातली लॅक्टोज-प्रथिनं, ३८ अंश सेल्सिअसची ऊब आणि मोकळी कास तिला आयती मिळते. काही ट्यूबमध्ये सूज उतरवायला प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असतं. त्यानं सूज खरंच उतरते, पण कासेतले पहारेकरीही थंडावतात. ‘दोन दिवस बरं, मग एकदम जास्त’ या चढउतारामागे हेही एक कारण असतं.

संशय कधी घ्यावा

ट्यूब सोडल्यावर एक ते तीन दिवसांत सूज कमी होण्याऐवजी वाढली. ताप १०४ ते १०६ फॅरनहाइट आहे, पण जनावर बऱ्यापैकी खातंय, रवंथ करतंय. कप्पा, म्हणजे त्या सडावरचा कासेचा भाग, कणकेच्या गोळ्यासारखा घट्ट आणि फुगीर आहे. मागच्या पायांमधून कासेच्या वर हात घातला तर तिथली गाठ मोठी लागते. दूध निम्म्यावर आलंय. या खुणा एकत्र दिसल्या आणि आधी दोन किंवा जास्त ट्यूबचे डोस झालेले असले, की बुरशीचं नाव यादीत वर घ्या.

याउलट कप्पा हळूहळू कडक होत गेला, ताप नाही, गुठळ्या अधूनमधून येतात आणि जातात, असं महिनोन्महिने चाललं असेल तर आधी स्टॅफिलोकोकसकडे बोट दाखवा. आणि दूध पाण्यासारखं पातळ, जनावर मलूल, कान गार, खाणंपिणं बंद, असं असेल तर ते ई. कोलायसारखं तातडीचं दुखणं आहे. तिथे बुरशीचा विचार करत बसू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

गोठ्यातली तपासणी

काळ्या कापडावर किंवा काळ्या पत्र्यावर पहिल्या दोन-तीन धारा घ्या, गुठळ्या लगेच दिसतात. त्यानंतर सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, दगडी ओळखायची चाचणी): चार खणांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं २ ते ३ मिली दूध आणि तेवढंच द्रावण, १० ते १५ सेकंद गोल फिरवा. घट्ट बुळबुळीत झालं तर त्या कप्प्यात दाह आहे. द्रावण नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून तेच करता येतं.

मात्र ही चाचणी दाह आहे एवढंच सांगते. दाह कशाचा, ते नाही. बुरशी आणि जिवाणू दोन्हींत सारखाच चिकटपणा येतो.

नमुना: खरी गोम इथे आहे

बुरशीचे बरेच अहवाल नमुना घेण्यातच वाया जातात. शेणाचा एक कण पडला तरी प्रयोगशाळेत यीस्ट उगवते, आणि मग नसलेल्या बुरशीवर उपचार सुरू होतात. म्हणून इथे घाई नको.

नमुना शक्यतो पुढची ट्यूब सोडण्याआधी घ्या. ट्यूब चालू असेल तर ती थांबवून नमुना कधी घ्यायचा ते प्रयोगशाळेला विचारा. औषधामुळे जिवाणू वाढत नाहीत, यीस्ट मात्र वाढते आणि चित्र एकांगी दिसतं.

हात साबणानं धुवा. सड धुतला तर पूर्ण कोरडा करा; कास ओली असेल तर वरचं पाणी ओघळून थेट नळीत येतं. पोव्हिडोन आयोडीनमध्ये सड बुडवा, ३० सेकंद थांबा, कागदी रुमालानं पुसा. आता ७० टक्के स्पिरिटचा कापूस घेऊन सडाचं टोक घासा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत, प्रत्येक वेळी नवा बोळा. चारही सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना पलीकडचे आधी आणि अलीकडचे नंतर. दूध घेताना उलट, अलीकडचे आधी. नाहीतर पुसलेल्या सडाला आपलीच बाही लागते.

पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या. निर्जंतुक नळी आडवी धरून, टोपण बोटांत तोंड खाली करून, ५ ते १० मिली दूध घ्या. नळीचं तोंड सडाला लागू देऊ नका. नळीवर जनावराचा बिल्ला क्रमांक, सड (पुढचा डावा, मागचा उजवा असं पूर्ण), तारीख लिहा. थर्मासमध्ये बर्फावर ठेवून २४ तासांच्या आत पोचवा.

सोबतच्या चिठ्ठीवर एक ओळ विसरू नका: ‘बुरशीसाठीही कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करावं, आधी ही ही औषधं झाली आहेत.’ हे लिहिलं नाही तर नेहमीची जिवाणूंची प्लेट एक-दोन दिवस बघून ‘वाढ नाही’ असा अहवाल येऊ शकतो. बुरशीसाठी सॅबुरो या खास बुरशी वाढवायच्या माध्यमावर लावून दोन ते पाच दिवस, काही जातींना त्याहून जास्त थांबावं लागतं. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे. शिवाय मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोल्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडेही विचारता येतं.

अहवालात यीस्ट आली तरी एकाच नमुन्यावर शिक्कामोर्तब करू नका. त्याच सडाच्या दुसऱ्या नमुन्यातही तीच आली, दुसरं काही आलं नाही आणि लक्षणंही जुळतात, तर ती खरी.

यीस्ट निघाली तर

पहिलं काम म्हणजे सडात जाणारं अँटिबायोटिक बंद करणं. यात आढेवेढे नकोत. मालकाला वाटतं की काहीच न सोडता सड मोकळा ठेवणं म्हणजे उपचार थांबवणं. पण यीस्टच्या दगडीत बऱ्याच जनावरांची कास ट्यूब बंद केल्यावर आणि वारंवार पिळून काढल्यावर दोन ते सहा आठवड्यांत आपोआप साफ होते.

दुसरं, पिळणं. तो कप्पा दर चार तासांनी पूर्ण रिकामा करायचा, रात्री निदान एकदा. दूध गाठाळ असेल तर आधी कोमट पाण्याचा शेक देऊन, हलक्या हातानं वरून खाली चोळून. पान्हा सुटत नसेल तर ऑक्सिटोसिन डॉक्टरांनी ठरवून द्यायचं. दुकानातून आणून रोज टोचायची ती वस्तू नव्हे. हे पिळणं कंटाळवाणं आहे आणि तिसऱ्या दिवशी सुटतं, बहुतेक घरांत सुटतंच. पण सगळ्या उपायांत भरवशाचा उपाय हाच आहे.

ताप आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, किलोमागे ०.५ मिग्रॅ. म्हणजे ४०० किलोच्या गायीला २०० मिग्रॅ. ५ मिग्रॅ प्रति मिलीचं इंजेक्शन असेल तर ४० मिली. बाटलीवरची ताकद वाचूनच हिशेब करा. जुन्या साठ्यातलं डायक्लोफिनॅक कुणी देऊ केलं तर घेऊ नका. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते भारतात २००६ पासून बंद आहे.

बुरशीनाशकांबद्दल साफ बोललेलं बरं. क्लोट्रिमॅझोल एका कप्प्यात १०० ते २०० मिग्रॅ, दिवसातून एकदा, काही दिवस असं वापरल्याच्या नोंदी आहेत. मायकोनॅझोल आणि निस्टॅटिनही वापरलं गेलंय. गुण येतो तो कधी औषधाचा, कधी पिळण्याचा, हे वेगळं काढणं अवघड. म्हणून हा निर्णय अहवाल हातात घेऊन डॉक्टरांनीच करायचा. माणसांच्या कानात घालायचे थेंब किंवा त्वचेचं मलम सडात सोडू नका. त्यातली विद्रावकं कासेचं अस्तर भाजतात आणि एरवी बरा झाला असता तो कप्पा कायमचा जातो. पोव्हिडोन आयोडीन सडात भरण्याचंही तसंच: त्यानं बुरशी मरते, पण दूध बनवणाऱ्या पेशीही मरतात. कप्पा कायमचा आटवायचाच असेल तेव्हाचा तो मार्ग आहे. काही डॉक्टर आयोडाइड देतात. जनावर गाभण असेल तर ते आधी सांगा, कारण गाभणपणात ते टाळतात.

यीस्ट नाही, दुसरंच काही निघालं तर

ॲस्परजिलस ही धाग्यांची बुरशी. बसायला टाकलेला काळपट, कुबट भुस्सा किंवा पाचट हे तिचं घर. कप्प्यात टणक गाठी आणि पू होतो, बरं होण्याची आशा कमी. क्रिप्टोकोकसमध्ये कास भयंकर सुजते आणि दूध राखाडी, चिकट, तार धरणारं येतं. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते. गोठ्याच्या आढ्यावर कबुतरं बसत असतील तर जाळी लावा, आणि विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी मारून ओली करा. तिची धूळ माणसाच्या फुप्फुसालाही त्रास देते.

प्रोटोथेका हे तिसरं नाव. ती बुरशी नव्हे, हिरवा रंग हरवलेलं शेवाळ आहे, पण प्लेटवर यीस्टसारखी दिसते म्हणून गफलत होते. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टला कोंब फुटलेले दिसतात. प्रोटोथेकाला कोंब नसतात, एका पोटात अनेक पिल्लं असल्यासारखी ती दिसते. हे निघालं तर औषधावर पैसे घालू नका, कारण लागू पडेल असं औषध नाही. ते जनावर वेगळं बांधा, शेवटी पिळा आणि कळपातून काढण्याचा विचार करा. उघड्या नाल्या, डबकी आणि साचलेलं शेणपाणी साफ झालं नाही तर पुढचं जनावर तयारच असतं.

बुरशीचा चारा खाल्ल्यानं कासेला बुरशी होते का

हा प्रश्न हमखास येतो. मुरघासाच्या बॅगेतला पांढरा-निळा थर किंवा ओली झालेली पेंड पोटात गेली की ती बुरशी तिथून कासेत उतरते, असा समज आहे. कासेत बुरशी सडाच्या तोंडातून येते. खराब चाऱ्याचं नुकसान वेगळं: त्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधात एम१ रूपात उतरतं, आणि दुधात त्याची मर्यादा लिटर-किलोमागे जेमतेम ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा तो चारा टाकायचाच, पण दगडीचं खापर त्याच्यावर फोडून सिरिंजला मोकळं सोडायचं नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

ट्यूब सोडायचीच असेल तर नमुन्याइतकीच सफाई: कोरडा सड, आयोडीन, स्पिरिटचा बोळा १५ सेकंद. टोपण सडाजवळ आल्यावरच काढायचं. टोक पूर्ण खुपसायचं नाही, फक्त ३-४ मिलिमीटर. छिद्राच्या आतलं केराटिनचं अस्तर हाच सडाचा दरवाजा, तो टोकानं खरवडला की जंतूला वाट मोकळी. एक ट्यूब एकाच सडाला. उरलेली फेकायची. धातूची नळी वापरायचीच नाही हे उत्तम. डॉक्टरांनी सांगितलीच तर कापडात गुंडाळून कुकरमध्ये २० मिनिटं वाफवलेली.

धार काढल्यावर लगेच सड बुडवा. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये उपलब्ध आयोडीन ०.५ टक्के असतं, बुडवण्याला तेवढंच लागतं. त्यात ९० मिलीला १० मिली ग्लिसरीन घाला म्हणजे सड फुटत नाहीत. पाणी घालून चहाच्या रंगाचं करू नका. कपात उरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका. त्यानंतर गव्हाणीत चारा टाका, म्हणजे जनावर अर्धा-पाऊण तास उभं राहतं आणि छिद्र मिटेपर्यंत ओल्या जमिनीवर बसत नाही. पावसाळ्यात मुक्त गोठ्याची माती चिखल होते, तेव्हा ही एकच सवय बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

फडकं जनावराला एक, वापरल्यावर उकळून उन्हात. धार मुठीनं काढा. यंत्राचे लायनर २५०० दोहनांनंतर किंवा सहा महिन्यांनी बदला, जे आधी येईल ते: दहा जनावरं, एक युनिट, दोन वेळ असा हिशेब केला तर चार महिन्यांतच भरतात. आजारी जनावर शेवटी, तेही हातानं. त्याचं दूध जमिनीवर पिळू नका आणि वासराला पाजू नका. भांड्यात घेऊन खड्ड्यात चुना टाकून पुरा. ट्यूब झालेली असेल तर चारही सडांचं दूध वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांपर्यंत डेअरीला घालायचं नाही, ट्यूब एकाच सडाला गेली असली तरी.

कप्पा बरा वाटू लागल्यावर दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी नमुना पुन्हा पाठवा. दोन्ही साफ आले तरच दूध मिसळा. सहा आठवड्यांनंतरही बुरशी येत असेल तर त्या वेतापुरता तो सड आटवून बाकी तिघांवर जनावर ठेवणं परवडतं. पुढच्या वेताला चिकाचे दिवस संपेपर्यंत थांबून, साधारण पाचव्या दिवशी त्या सडाची सीएमटी करा. चिकाच्या दुधात ती उगाच चिकट येते.